हा पाऊस कोणासारखा?

आमच्याकडे मूल जन्मलं की पहिली चौकशी नाकाची होते. नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं, आणि रडणं तेवढं आईच्या माहेरचं. मग पहिल्या मुलाला आजोबा-पणजोबांचं नाव ठेवायचं आणि तो त्यांच्यासारखा का वागत नाही म्हणून जन्मभर डोकं धरून बसायचं. माझ्या भावाच्या नातवाचं नाव एकोजी. ज्यांच्यावरून ते ठेवलं ते आमचे आजोबा इतके शांत की सांबारात मीठ नसलं तरी मागत नसत. हा एकोजी ताटच भिरकावतो. तरी घरातले सगळे म्हणतात, थांबा, येईल वळणावर, खाण तशी माती.

माझे यजमान चंद्रमौळी पावसाचं असंच करत.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी माणसं. कुंभकोणमच्या शाळेत जन्मभर फिजिक्स शिकवून हे निवृत्त झाले आणि घरात बसून माझ्या फोडण्यांना नावं ठेवू लागले. तेव्हा आमच्या मुलीनंच, मधुमितानं, त्यांना हवामानाचे नकाशे बघायला शिकवलं. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण हे नुसते बघणारे नव्हेत. फोन समोर ठेवून तमिळमध्ये बोलायचे आणि ते सगळ्यांना बघायला टाकायचे. बघता बघता डेल्टाभर, म्हणजे नदीमुखाच्या आमच्या सगळ्या मुलखात, लोक त्यांना 'वेदर सार' म्हणू लागले. भाजीवाला वांगी तोलताना विचारी, सार, या वेळी कसं? रिक्षावाले माझ्याकडून भाडं घेईनात. मला वाईट वाटत होतं असं काही मी सांगणार नाही.

यांची रीत अशी. आमचा मोठा पाऊस दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो तो डिसेंबरपर्यंत. त्या दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की हे विचारायचे, हा कोणासारखा? आणि जुन्या वादळांचे नकाशे काढून नव्याच्या शेजारी ठेवायचे. कुठे जन्मला, दाब किती, तोंड कुठे, चाल कशी. नाक जुळलं की नाव ठेवून मोकळे. डेल्टात ज्यांची नावं पोरंसोरंही विसरलेली नाहीत अशी दोन वादळं होती. दोन हजार आठची निशा आणि दोन हजार अठराचा गजा. निशा संथ. किनाऱ्याशी रेंगाळली आणि ओतत राहिली. ओरत्तनाडला एका दिवसात सहासष्ट सेंटिमीटर पडला, तिकडची शेतं कुठली आणि रस्ता कुठला ते कळेना. गजा उलट्या स्वभावाचा. धावत आला, नारळाच्या बागाच्या बागा आडव्या केल्या आणि धावतच पश्चिमेला निघून गेला. लोकांना यांच्याकडून एवढंच कळायला हवं असे की निशा की गजा. पाणी की वारं.

आमच्या घरात तर हा प्रश्न जिवाचाच होता, आणि तो माझ्या नणंदेमुळे.

गोदावन्सं यांच्याहून मोठ्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं ते त्यांनीच. अजून हे त्यांच्याकडून निघताना वाकून नमस्कार करत आणि वन्सं यांच्या टकलावर हात ठेवून म्हणत, "मोठा हो, बा." सत्तरीला टेकलेल्या माणसाला! वन्सं आणि त्यांचे यजमान शेषाद्री राहायचे गावाच्या दक्षिणेला, अरसलार नदीपलीकडे साक्कोट्टैला. पुढे कौलारू घर, दोन्ही बाजूंना नारळ, मागे शेतांना पाणी नेणारा कालवा. मूलबाळ नाही. शेषाद्रीभाऊजी बँकेत होते, पण त्यांचं खरं मन मृदंगात. गोविंदपुरमला भजन असलं की हे अवाढव्य गृहस्थ मांडी घालून बसायचे आणि त्यांच्या बोटांखालून असा नाजूक बोल निघायचा की बघत राहावं.

गजाच्या वर्षी त्यांच्या पुढच्या खोलीवर नारळ पडला. दोघं मागच्या पडवीत होते म्हणून वाचले. त्यानंतर यांनी मागच्या जुन्या गोठ्याची खोली करून घेतली. वर सिमेंटचा स्लॅब, जाड भिंती, खिडकी नाही, वर फक्त जाळीचा एक झरोका. हत्ती पडला तरी हलणार नाही अशी. मी म्हटलं, बैल गेला अन् झोपा केला. हे रागावले. गोठाच तो, त्याची जमीन घरापेक्षा दोन पायऱ्या खाली होती. भराव टाकू म्हणाले, तो राहून गेला. त्यानंतर भाऊजींना पक्षाघात झाला आणि भराव कोणाच्या डोक्यातही राहिला नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. त्या हाताची बोटं खाटेच्या कडेवर दिवसभर ताल धरून असत. वन्सं स्वयंपाकघरातूनही कान तिकडे ठेवून असायच्या. ताल थांबला की बघायला जायच्या.

तेव्हा वादळ येणार असलं की वन्संना काय ते आधी ठरवावं लागे. निशासारखं असेल तर भाऊजींना रुग्णवाहिकेतून नदीअलीकडे आमच्या वरच्या मजल्यावर आणायचं. गजासारखं असेल तर त्यांची खाट दोन गड्यांकडून मागच्या स्लॅबच्या खोलीत न्यायची आणि वारं सरेपर्यंत दारं लावून बसायचं. एकाची तयारी दुसऱ्याला चालत नसे. वाऱ्यात रस्त्यावर झाडं पडत असताना त्या माणसाला हलवणं म्हणजे मरण, आणि पाण्यात ती खोली म्हणजे हौद. वन्सं एकट्या त्यांना कुशीवरसुद्धा वळवू शकत नसत.

आदल्या वर्षी यांनी सांगितलं, निशा. भाऊजींना आणलं. आमच्या जिन्याच्या वळणावर ते स्ट्रेचरवरून घसरता घसरता वाचले, भिजले, कण्हत राहिले. आणि वादळ गेलं उत्तरेला. कुंभकोणमात लख्ख ऊन. यांच्या फोनवर लोकांनी लिहिलं, सार, छत्री परत ठेवली, गॉगल काढला. ते यांनी हसून नेलं. पण भाऊजींची छाती भरली आणि ते इस्पितळात पडून राहिले. एकदा तर वन्संनी आशाच सोडली होती. त्या वेळी इस्पितळाच्या व्हरांड्यात त्या यांना आधी भरपूर शिव्या देऊन मग म्हणाल्या ते मी कानांनी ऐकलं.

"चंद्रू, यापुढं मज एकच शब्द सांग. हें होईल, नाहीं तर तें होईल, ऐसं नको. टीव्हीवाला तसं सांगतो. तूं माजा भाऊ, टीव्हीवाला नव्हेस. यांस उगाच हलविणं आतां मज जमणार नाहीं."

"सरि, अक्का," हे म्हणाले. बरं म्हणाले. आणि ते मनात इतकं घट्ट बांधून घेतलं की मला तेव्हाच बरं वाटलं नव्हतं.

त्यानंतरचा डिसेंबर आला. कार्तिगै दीपम् हा दिव्यांचा सण झाला, ओट्यावरच्या पणत्या विझल्या, मार्गळी महिना लागायला आला. तमिळमध्ये म्हणच आहे, कार्तिगैनंतर पाऊस नाही आणि कर्णानंतर दानशूर नाही. लोकांनी गाद्या उन्हात टाकल्या. आणि उपसागरात एक नवा पट्टा तयार झाला.

हे दोन दिवस नकाशांपुढून उठले नाहीत. मग जेवायला बसताना म्हणाले, "गजा." भाताकडे बघून म्हणाले, पण चेहरा असा की बोर्डाच्या परीक्षेत पहिले आले आहेत.

त्याच दिवशी मधूचा फोन आला. ती पुण्याला हवामानाच्याच संशोधनात आहे. तिकडे तिची मराठी ऐकून लोक विचारतात, तुम्ही ऐतिहासिक नाटकात काम करता का? ती म्हणते, अम्हि घरीं ऐसंच बोलतों. यांनी फोन टेबलावर तांब्याला टेकवून ठेवला होता, म्हणून मला दोघांचं सगळं ऐकू आलं.

"अप्पा, तुम्हि खालच्या हवेचे नकाशे बघतां. वरच्या हवेचे बघा," मधू म्हणाली. "गजाच्या वर्षीं उत्तरेच्या उच्च दाबानं त्यास पश्चिमेस ढकललं. म्हणून तें धावलं. या वेळां उत्तरेस एक आहे आणि पश्चिमेसही एक आहे. मधें ढकलणारं वारंच नाहीं. हें किनाऱ्यापाशीं येऊन उभं राहील."

"आज तर धावतें आहे."

"आज. उद्यां नाहीं."

"त्यांत कोरडी हवा शिरली आहे. अर्धं अंग कोरडं. गजाचं ऐसंच होतं, बघ, दोन्ही शेजारीं ठेवलीं आहेत मी."

"ती हवा निघून जाईल, अप्पा. समुद्र किती तापला आहे तें बघा. एकदां हें उभं राहिलं कीं ढगांची एकच रांग समुद्रावरून वाफ ओढून एकाच जागीं ओतत बसेल. दोन हजार तेवीसला कायलपट्टिणमला काय जालं? तें तर वादळसुद्धां नव्हतं, त्यास नांवही नव्हतं. आणि वर्षाहून जास्त पाऊस एका दिवसांत पडला. तोही मार्गळींतच."

"तें दक्षिणेस. डेल्टा वेगळा."

"हवेस डेल्टा ठाऊक नाहीं."

हे थोडे चिडले. "बरं, खात्री किती तुज?"

"दहांत सहा वेळां पाणी. चार वेळां वारं."

"सहा-चार! परीक्षेंत प्रश्न आला तर सहा-चार लिहशील?"

"हो. तेंच खरं उत्तर आहे," मधू म्हणाली. "अत्यास दोन्ही सांगा, अप्पा. काकांस आज हलवितां येईल, उद्यां नाहीं येणार."

"बघतों," म्हणून यांनी फोन ठेवला.

बघतों म्हणजे नाही, हे आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मला माहीत आहे. मी म्हटलं, "वन्संना फोन लावा आणि ती म्हणाली तें सांगा."

"अक्कास सहा-चार सांगूं? ती घाबरून बसेल. मागल्या वर्षी काय जालं तें विसरलीस?"

"घाबरूं दे कीं."

"तिला एक शब्द पाहिजे, पंकजा. आणि मधू अजून लहान आहे."

मधू तेव्हा चौतिशीची. आणि नकाशे कोणी कोणाला शिकवले, हेही मी विचारलं. खूप बोलले मी. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो हे मला कळतं, पण यांनी ताकाच्या भीतीनं उकळतं दूध तोंडाला लावलं. आमचं चाललेलं असतानाच वन्संचा फोन आला. पलीकडून त्यांचा मोठा, खणखणीत आवाज.

"काय रे चंद्रू, हा कोणासारखा?"

हे एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "गजा, अक्का."

"निश्चित?"

"निश्चित. भाऊजींस मागल्या खोलींत घ्या. दारं लावून घ्या. बाहेर पडूं नका."

"जालं तर मग. यांचा जीव तरी उगाच हेलपाटणार नाहीं," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात जे सुटल्यासारखं वाटलं ते मला आजही ऐकू येतं. संध्याकाळी त्यांच्या शेजारचा सतीशकुमार आणि त्याचा गडी येऊन खाट दोन पायऱ्या उतरवून गेले.

सकाळी उठून बघितलं तर वारा नाही. समोरच्या नारळाची झावळी हलत नव्हती. पाऊस मात्र लागला होता, सरळ, जाड, आमच्याकडे ज्याला अडैमळै म्हणतात तसा न खळणारा. यांच्या फोनवर लोक आनंदात. सार, वादळ फुसकं निघालं. सार, तुमचा गजा चालत येतोय का? हे खिडकीशी उभे होते. अंगात बनियन, हातात कॉफी, आणि कॉफीवर साय धरली तरी ती त्यांनी प्यायली नाही.

वन्संचा फोन आला. "वारं कोठं आहे रे?" त्या हसत होत्या. "येथं नुसता पाऊस. यांचा जीव घुसमटतो त्या खोलींत. मी सतीशास बोलावून यांस पुढं ओट्यावर आणूं?"

आता, हे वाचणाऱ्यानं इथे थांबून बघावं. त्या वेळी कालवा भरला होता, पण फुटला नव्हता. सतीशकुमार घरी होता, त्याचा गडीही होता. हाक मारायचा अवकाश होता.

मी यांच्या अगदी जवळ उभी होते. म्हटलं, "मधूचं सांगा. आत्तां सांगा."

यांनी फोनवर तळहात ठेवला. मला म्हणाले, "गप." मग हात काढून वन्संना म्हणाले, "अजून येईल वारं, अक्का. गजाही उशिराच आला होता. दुपारपर्यंत हलूं नका."

"बरं बा," वन्सं म्हणाल्या. मी फोन ओढून घेतला तोवर त्यांनी ठेवला होता. मी पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. तेवढ्यात दिवे गेले आणि थोड्या वेळानं कोणाचाच फोन कोणालाच लागेना. मी त्या माणसाला तेव्हा काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्यातलं एकही मला परत घ्यायचं नाही.

ते वादळ झालंच नाही. त्याला नाव मिळालं नाही. ते किनाऱ्यापाशी आलं आणि उभं राहिलं, आणि ढगांची एक रांग समुद्रावरून येऊन आमच्याच डोक्यावर ओतत बसली. आमच्या रस्त्यावरची गटारं उलटी वाहू लागली. खालच्या दुकानातली खोकी तरंगत बाहेर आली. हे गुपचूप पॅन्ट चढवून छत्री न घेताच निघाले, आणि मीही मागे निघाले, कारण घरात बसून राहिले असते तर मला वेड लागलं असतं.

अरसलारच्या पुलावर पोलिसांनी अडवलं. पुलाला पाणी टेकलं होतं आणि पलीकडचा रस्ता दिसतच नव्हता. यांनी पोलिसाचा दंड धरला. "माझी बहीण तिकडे आहे." तो पोरगेला पोलीस यांना ओळखत होता. "वेदर सार ना तुम्ही? सार, पाऊस कधी थांबेल?" तो अगदी मनापासून विचारत होता.  यांनी त्याचा दंड हळूहळू सोडला आणि हे पुलाच्या कठड्याला धरून उभे राहिले. आम्ही दुपारभर तिथे भिजत उभे होतो. पलीकडे साक्कोट्टैच्या देवळाचा माथा दिसत होता, आणि त्याच्या डावीकडे चार नारळ सोडले की वन्संचं घर, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. 

पुढचं सतीशकुमारनं सांगितलं. कालवा वन्संच्या परसामागेच फुटला. पाणी पुढून नाही आलं, मागून आलं, गोठ्याच्या जुन्या मोरीतून थेट त्या खोलीत. पुढच्या कौलारू खोल्यांत घोटाभर आणि मागे गळ्याभर, कारण खोली दोन पायऱ्या खाली, आणि आत उघडणारं तिचं दार पाण्याच्या दाबानं उघडेना. सतीशकुमार स्वतःच्या म्हाताऱ्या आईला पोरांसकट माळ्यावर चढवत होता. पावसाच्या आवाजात हाक ऐकू येणं शक्यच नव्हतं. तो आला तेव्हा घराचं पुढचं दार आतून लावलेलं होतं, आमच्या सांगण्याप्रमाणे. मागे जाऊन त्यानं झरोक्याची जाळी तोडली.

वन्सं वरच्या पायरीवर उभ्या होत्या. पाणी छातीशी. खाट कलंडून तरंगत भिंतीला लागली होती. त्यांनी भाऊजींना पाठीमागून काखेत हात घालून धरलं होतं आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर पाण्याबाहेर ठेवलं होतं. सतीशकुमार म्हणाला, अम्मा, सोडा, मी घेतो. त्या म्हणाल्या, तूं डोकं धर, नाकांत पाणी जाऊं देऊं नको. भाऊजी जाऊन बराच वेळ झाला होता. गार पाण्यानंच गेले असावेत, बुडाले नाहीत, कारण वन्संनी बुडू दिलं नाही.

ताल कधी थांबला ते वन्संना माहीत होतं. त्यांनी मला नंतर सांगितलं. ते मी माझ्यापाशीच ठेवते.

पाणी उतरलं, चिखल राहिला. भाऊजींचं सगळं यांनीच केलं. मूलबाळ नव्हतं, मेहुण्यानंच केलं. वन्सं आमच्याकडे आल्या, ज्या वरच्या मजल्यावर भाऊजींना या वेळी आणलं नव्हतं तिथेच. मधू पुण्याहून आली. गाड्या बंद होत्या, कुठून कुठून फिरत आली. आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली, वडिलांशी मात्र बोलली नाही. यांनी फोन कपाटात टाकला होता. तो आतल्या आत वाजत असायचा. डेल्टाभर लोक विचारत होते, सार, हा कोणासारखा होता?

दहाव्याला नातेवाईक जमले. गोविंदपुरमची भजनाची मंडळी आली. अशा वेळी लोक बोलायला काहीतरी शोधतात. कोणीतरी दैव म्हटलं, कोणीतरी कलियुग. भजनातल्या एका म्हाताऱ्यानं यांच्याकडे बघून सुस्कारा टाकला, आणि त्या सुस्काऱ्यात जे होतं ते वन्संनी ओळखलं. भिंतीला टेकून बसल्या होत्या त्या ताठ झाल्या.

"चंद्रूस कोणी कांहीं म्हणूं नका," त्या म्हणाल्या. "त्या पावसास आजा नव्हता, पणजा नव्हता. कोणासारखा म्हणून सांगेल तो? कोणासच ठाऊक नव्हतं."

हे दाराशी उभे होते. मान खाली. मधू ताटं उचलत होती, ती ताटं तिनं तशीच खाली ठेवली आणि मागच्या गच्चीवर निघून गेली. वन्संची नजर तिच्या पाठीवर गेली, आणि तिथेच राहिली.

मंडळी गेल्यावर त्यांनी मधूला हाक मारली. समोर बसवलं. हे खुर्चीत, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

"मधू, तूं ह्याच कामांत आहेस. तुज कांहीं दिसलं होतं का?"

मधूनं माझ्याकडे बघितलं. मी काय करू? मी यांच्याकडे बघितलं. पोरीच्या तोंडून बापाविरुद्ध काढायचं नाही, एवढं तरी या माणसाला कळावं असं मी मनात म्हणत होते. आणि ते कळलं.

"तिनं सांगितलं होतं, अक्का," हे म्हणाले. "आदल्या दिवशीं. उभं राहील, पाणी येईल म्हणून. दहांत सहा वेळां, म्हणाली. तुज दोन्ही सांगा म्हणाली."

 बाहेर रस्त्यावर कोणीतरी चिखल खरवडत होतं.

मला माहीत होतं यांच्यापाशी एक उत्तर आहे. इस्पितळाच्या व्हरांड्यातलं. तूच म्हणाली होतीस, एकच शब्द सांग. ते त्यांनी म्हणावं असं माझ्या अर्ध्या मनाला वाटत होतं, कारण कितीही झालं तरी नवरा माझा, आणि दहा दिवसांत तो एवढासा झाला होता. आणि अर्ध्या मनाला वाटत होतं, म्हणाला तर मी याचं तोंड पुन्हा बघणार नाही. हे म्हणाले नाहीत. खुर्चीतून उठून वन्संच्या पायांशी जमिनीवर बसले, वाकले, कपाळ त्यांच्या पावलांवर टेकवलं.

वन्संचा हात मांडीवर होता तिथेच राहिला.

"एकच शब्द मीच मागितला होता, चंद्रू. तें मी विसरलें नाहीं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पण तुजपाशी दोन होते."

हे वाकलेलेच.

"दोन्ही सांगितले असतेस, तर मी भ्यालें असतें. यांस उचलून येथं आणलं असतं. आणि पाऊस आला नसता तर तुज शिव्या दिल्या असत्या, मागल्या वर्षीं दिल्या तशा." त्या थांबल्या. पावलं हळूच मागे घेतली. "तेवढ्याच शिव्यांस भ्यालास तूं."

मधू उठून माझ्याजवळ आली. हे जमिनीकडे तोंड करून तसेच बसून राहिले. वन्सं भिंतीला टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले. घरच्यांच्या जेवणाची वेळ टळून गेली होती, पण मी कोणालाच उठा म्हटलं नाही.